श्रीकरचं पान

तंजावूर,
नोव्हेंबर २००२

प्रिय गुरुराज,

पुष्कळ दिवसांनी मराठीत लिहितो आहे. तुझ्या घरी आता तुझ्याशिवाय कोणी देवनागरी वाचत नाही, आणि आज मला तेच हवं आहे. यंदा कावेरीला पाणी आलं नाही. पापनाशमला आपल्या शाळेमागचा कालवा कोरडा आहे. ज्यात तू श्रीकरला पोहायला शिकवलंस, त्यात आता बकऱ्या चरतात. माझी अंबा बरी आहे, गुडघे सोडून.

श्रीकरला जाऊन मार्गशीर्षात वर्ष होईल. माझ्या या धाकट्या भावाला कोणता रोग झाला होता ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण नाव कोणी तोंडानं घेत नाही. मी लिहितो: एड्स. नव्या कंपन्या आल्या, घरोघर रंगीत टीव्ही आले. ते गावोगावच्या दुकानांत पोचवत तो महिना महिना हमरस्त्यावर असायचा. तिथं त्याला काय लागलं आणि त्यानं विनुताला काय आणून दिलं, हे त्यालाही फार उशिरा कळलं. मूलबाळ नाही. विनुता आमच्याकडेच असते. तिच्या रक्तात ते आहे, पण अजून ती हिंडती-फिरती आहे. स्वयंपाकघर तिच्याच हाती आहे.

तिला तपासणीला नेतो तेव्हा इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून मी तिथली पत्रकं वाचत असतो. तू म्हणशील, बाळकृष्णाला या वयात भूगोलाचं वेड लागलं. थायलंडात म्हणे सरकारनं लाज सोडून दुकानादुकानांत, शाळाशाळांत या रोगाबद्दल बोलायला लावलं, आणि नवे रोगी कमी झाले. युगांडा आपल्याहून गरीब, पण तिथं खेड्यापाड्यांत सभा घेऊन माणसांना सांगितलं. ब्राझीलमध्ये औषध सरकार फुकट देतं. दक्षिण आफ्रिकेत मात्र रोगाचं कारण काय यावरच राज्यकर्ते वाद घालत बसले आणि माणसं जात राहिली. आपल्याकडे ते औषध बनतं, जहाजानं बाहेर जातं, पण विनुतापर्यंत येत नाही. परवा घरी मी हे वाचून दाखवत होतो, विनुता तांदूळ निवडत ऐकत होती. मग म्हणाली, अस्के देश झाले, अण्णा, एकही सोडला नाही. आपल्या गल्लीचं काय लिहिलंय त्यात?

गल्लीचं तुला सांगतो. शेजारच्या जयलक्ष्मी मामींना ताप आला तेव्हा विनुतानं मिरीचं रसम करून पाठवलं. भांडं राखेनं घासून, वर उकळून परत आलं. रसम त्यांच्या गाईच्या घमेल्यात गेलं होतं. गाईला तरी चव कळली असेल, एवढंच विनुता बोलली. त्यानंतर तिनं कुणाला काही पाठवलं नाही. जेवणानं हा रोग लागत नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं, मी गल्लीत सांगितलं. लोक मान डोलावतात. मी रोज देवापुढे बसतो, त्यांची बुद्धी पालटावी म्हणून नव्हे. माझा राग उतरावा म्हणून.

आता वर्षश्राद्ध आलं. शास्त्रीबुवांनी दोघा ब्राह्मणांना श्राद्धाच्या पानावर जेवायला बसाल का म्हणून विचारलं. एकाला त्याच दिवशी तिरुच्चीला जायचं आहे, दुसऱ्याचं पोट बिघडणार आहे, आणि ते त्याला आत्तापासून माहीत आहे. शास्त्रीबुवा माणूस वाईट नाहीत. त्यांनी खालच्या आवाजात दोन वाटा सुचवल्या. एक, मठात श्राद्ध करावं, स्वयंपाक तिथल्या आचाऱ्याचा. दुसरी, घरीच करावं, पण पाटावर माणसाऐवजी दर्भाची जुडी मांडावी. शास्त्राला ते चालतं. विनुता दाराआड होती. ती पुढे येऊन म्हणाली, दर्भच मांडा, पण रांधणार मीच. वर्षातून एकदा ते जेवायला येणार आणि मी आचाऱ्याच्या हातचं वाढू?

गुरुराज, पितरांच्या पानावर जो बसतो, तो त्या वेळेपुरता श्रीकर असतो, हे तुला सांगायला नको. तुझं गोत्र वेगळं आहे, त्यामुळे तू बसू शकतोस. मित्राला बसवू नये असं एक वचन आहे, पण दुसरं कोणी मिळत नसेल तर चालतं, हे शास्त्रीबुवांना दोनदा विचारून घेतलं. तुझ्या घरी काय सांगायचं ते तू ठरव. मन कचरत असेल तर येऊ नकोस; मी रागावणार नाही, आणि विनुताला या पत्राबद्दल मी काही सांगितलेलं नाही. मार्गशीर्ष वद्य पंचमी. जेवण झाल्यावर पानावरच्याला मी विचारतो, तृप्त झालात ना? दर्भ असला, तर त्याच्या वतीनं उत्तरही मीच द्यायचं. ते मी देईन. पण स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिलेल्या तिला तो आवाज माझाच आहे हे कळेल.

तुझाच,
बाळकृष्ण