पाच फोटोंचा एक फोटो

आई, काल मी सांगानेरला एक फोटो पोचवून आले आणि तेव्हापासून घरात नुसती इकडून तिकडे फिरते आहे. सकाळी भाजीवाल्यालासुद्धा सांगून झालं. तो म्हणाला, "अच्छा मैडमजी, टिंडे कितने दूँ?" ज्या माणसाला हे खरोखर कळलं असतं ती तू, आणि तुला जाऊन चौदा वर्षं झाली. तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझं मराठी आता हिंदीत बुडवून काढल्यासारखं झालंय, मध्येच 'मतलब' येईल, तेवढं चालवून घे.

आधी हे ऐक की आता फिल्म नसते. कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी उजेड टिपणारी एक चकचकीत चौकट असते आणि फोटो काढल्या काढल्या मागच्या पडद्यावर दिसतो. तू लगेच विचारलं असतंस, "आणि चुकलं तर?" चुकलं तर पुसायचं आणि परत काढायचा. पण एक गोष्ट तुझ्या वेळेसारखीच राहिली आहे. अंधाऱ्या खोलीत उभं राहून उघड्या दाराकडे कॅमेरा धरला, की दोनांपैकी एकच हाती लागतं. खोली दिसेल असा फोटो काढला तर दार पांढरंफटक, आणि दाराबाहेरचं दिसेल असा काढला तर खोलीत काळोख. आपल्या डोळ्याला दोन्ही दिसतं, कॅमेऱ्याला नाही. मला नेमका असाच फोटो काढायचा होता.

जयपुरातल्या सी-स्कीम भागातल्या एका कापडदुकानाच्या मालकीणबाईंना भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता, त्यांचं कापड जिथे छापलं जातं त्या कारखान्याचा. लग्नांच्या पलीकडचं मला मिळालेलं हे पहिलंच काम. कारखाना म्हणजे एक लांबट, ठेंगणी खोली. मधोमध छपाईचं टेबल, भिंतीतल्या फळ्यांवर लाकडी ठसे, खिडकी एकही नाही. टोकाला एकच दार, ते उघडतं अंगणात, आणि अंगणात दोऱ्यांवर ओली छापील कापडं वाळत असतात. टेबलाशी उस्तादजी उभे असतात. वय सत्तरीच्या पुढे, हात मनगटापर्यंत रंगाने लाल. मागे त्यांचे दोघे मुलगे ठसे मारत असतात. जागेच्या मालकाला जागा परत हवी होती, म्हणून शनिवारी सगळं सामान गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाणार होतं. मतलब, शनिवारनंतर हा फोटो कोणालाच काढता येणार नव्हता. मी मंगळवारी गेले तेव्हा उस्तादजी म्हणाले, "तीस साल से इसी जगह खड़ा हूँ बेटी. यहाँ से मुझे जो दिखता है, वही उतार दो. एक मुझे भी चाहिए."

मी त्यांना टेबलाशीच दोन पावलं पुढे उभं केलं, त्यांच्या जागी तिपाई लावली आणि तिथूनच पाच फोटो काढले, प्रत्येक वेळी उजेड थोडा जास्त घेत. पहिल्यात नुसतं अंगण, पाचव्यात टेबलाखालचे रंगाचे डबेसुद्धा स्पष्ट. आता असे पाच फोटो आपोआप एकत्र करून देणारा प्रोग्राम निघालाय. घरी येऊन कॉम्प्युटरवर बटण दाबलं, आणि आई, मी अक्षरशः टाळी वाजवली! सगळं दिसत होतं. कानाकोपरा, प्रत्येक ठसा, प्रत्येक सुरकुती, आकाशसुद्धा. बुधवारी प्रिंट घेऊन ऐटीत गेले.

उस्तादजींनी तो हात लांब करून धरला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "बेटी, इसमें धूप कहाँ है?"

मी बोट दाखवलं. "ये क्या, बाहर."

"बाहर भी धूप, अंदर भी धूप. तो फिर धूप कहाँ है?" आणि फोटोवर बोट ठेवून, "और मेरे सिर के पीछे ये क्या चमक रहा है? मैं कोई देवता हूँ क्या?"

मुलगे हसले. मी बघितलं तर खरंच, त्यांच्या डोक्याभोवती पांढरी कडा आली होती, दाराच्या चौकटीलाही तशीच. कापड प्लास्टिकसारखं झालं होतं, आणि आकाश राखेसारखं. रात्रभर मला हे कसं दिसलं नाही, कोण जाणे.

स्कूटरवरून परत येताना सगळा रस्ता मी दुर्गापुऱ्याच्या आपल्या क्वार्टरमध्ये होते. तू दिवसभर संशोधन केंद्रात रोगट पानांचे आणि बाजरीच्या कणसांचे फोटो काढायचीस, आणि रविवारी कोठीच्या खोलीत लाल दिवा लावून स्वतःच्या हौसेचे छापायचीस. साताऱ्याच्या आजोबांच्या स्टुडिओत शिकलेलं तू जयपूरच्या त्या कोठीत चालू ठेवलं होतंस. मी तेरा वर्षांची आहे. शेडमध्ये बाजरी पाखडत बसलेली बाई आणि तिच्या मागे उन्हातलं शेत, असा तुझा एक फोटो आहे. तू कागदावर उजेड सोडतेस, जिथे तो जास्त पडेल तिथे कागद काळा होतो, आणि बाई काळी पडू नये म्हणून तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती तिच्यावरच्या उजेडात धरतेस, सारखी हलवत. मग उलटं, पुठ्ठ्याच्या भोकातून फक्त शेताला जास्तीचा उजेड देतेस. तू बाजारात गेलेली असताना एकदा मी एकटीने तो छापला. चकती जिथल्या तिथे धरून ठेवली, भरपूर वेळ. बाईचा चेहरा छान गोरा उमटला. तू भाकरी थापत होतीस तेव्हा तो ओला कागद मी तुझ्यासमोर नाचवला.

पिठाचे हात तसेच वर धरून तू विचारलंस, "ही बाई कुठे बसली आहे?"

"शेडमध्ये."

"मग हिच्या तोंडावर दिवा कोणी धरला?" मी कागद मागे घेतला. "सावली घालवायची नसते गं. सावलीत काय आहे ते दिसावं, एवढंच करायचं. आणि हात हलता ठेव, थांबलीस की कडा उमटते."

मी रडले आणि दोन रविवार कोठीत पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या रविवारी तू काही न बोलता नवी चकती माझ्या हातात दिलीस, माझ्या मुठीच्या मापाची, तारेला चिकटपट्टी गुंडाळलेली. बुधवारी ट्रॅफिकमध्ये उभी राहून मी मोठ्याने म्हणाले, "अगं, तेच तर!" शेजारचा ऑटोवाला दचकला.

गुरुवारी मी कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि उस्तादजींच्या शेजारी उभी राहिले. विचारलं, "यहाँ से आपको ठीक-ठीक क्या दिखता है?" ते म्हणाले, "बाहर से आओ तो पहले कुछ नहीं. फिर आँख ठहरती है, तो मेज दिखती है, रंग दिखता है, फिर धीरे धीरे दीवार. दरवाज़े की तरफ़ देखूँ तो आँख मिचती है." मी तेही करून बघितलं. दाराकडे बघितलं की डोळा खरंच मिटत होता. म्हणजे दार फोटोतसुद्धा तितकंच झगझगीत राहायला हवं होतं. टेबलाखाली मलाही काही दिसत नव्हतं, मग फोटोत तरी का दिसावं?

शुक्रवारी दुपारी परत पाच काढले आणि घरी येऊन त्यातले दोन बाजूला ठेवले. तीनच पुरले. खोलीचा फोटो खाली, त्याच्यावर मधला, सगळ्यात वर अंगणाचा. मग वरचे दोन्ही झाकून टाकायचे आणि हवे तिथेच उघडायचे, मऊ ब्रशने, एकदम थोडं थोडं. ब्रश कसला, तुझी चकतीच ती! चौकटीजवळ मी हात थांबूच दिला नाही. वाऱ्याने कापडं प्रत्येक फोटोत वेगळी हलली होती, ती सगळी एकाच फोटोतली घेतली, उस्तादजींचा ठसा उचललेला हातही एकाच. हळूहळू अंगण उन्हाचं झालं आणि खोली खोलीसारखी, गार, मातकट. उन्हाची एक पट्टी दारातून टेबलाच्या कडेपर्यंत आली आणि तिथेच विरली. कुठून एक फोटो संपतो आणि कुठे दुसरा सुरू होतो, ते मलाच सापडेना. मी खुर्चीवरून उठून खोलीला दोन फेऱ्या मारल्या, आई.

काल शनिवारी गेले तेव्हा ठसे पोत्यांत भरणं चाललं होतं. उस्तादजी फोटो घेऊन दारापाशी गेले. आणि मी त्यांच्या डोळ्यांकडेच बघत होते म्हणून मला दिसलं. फोटोतल्या दाराशी नजर पोचली तसे त्यांचे डोळे बारीक झाले. मग ते फोटोतल्या सावलीतल्या भिंतीकडे वळले, आणि एकदम थोरल्याला हाक मारली, "इधर आ. देख, तेरी माँ की थैली."

दाराशेजारच्या काळोख्या भिंतीवर एका खुंटीला कापडी पिशवी होती. आदल्या रात्रभर मी तो फोटो रंगवला आणि ती मला दिसली नव्हती. त्यांची बायको तीत त्यांची भाकरी आणायची. ती गेल्यावर कोणी ती पिशवी काढली नाही, आणि कालच्या आवराआवरीत ती त्या अंधारात तशीच राहून जाणार होती. थोरला गेला, पिशवी काढून घेऊन आला. उस्तादजींनी ती झटकली, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि मला म्हणाले, "अब ये मेरा कारख़ाना है." थोड्या वेळाने विचारलं, "किससे सीखा?"

"मम्मी से."

"उनको दिखाया?"

मी म्हणाले, "शाम को दिखाऊँगी."

हे कागद मी पोस्टात टाकणार नाही, कपाटात तुझ्या प्रिंटांच्या खोक्यात ठेवीन. फक्त एक गोष्ट राहिली, ती बाबांनाही सांगितलेली नाही. काल संध्याकाळी घरी येऊन मी आपल्या क्वार्टरचा जुना नंबर फिरवला. मध्यंतरी सगळ्या नंबरांच्या पुढे दोन लागला, तोही लावला. एका बाईंनी उचलला. मी घाईघाईने म्हणाले, "आई, जमला." मग त्या म्हणाल्या, "बेटा, ग़लत नंबर लग गया. पर आवाज़ से लगता है कोई अच्छी ख़बर है?" मी म्हणाले, हो, खूप. त्या म्हणाल्या, "तो बधाई हो." मी थँक्यू म्हटलं, आणि माफ करा, चुकून लागला, असं सांगून ठेवला.

चुकून नव्हता लावला.