युवराजचा डावा हात

मी त्रिवेणी भ्र. दत्तात्रय लोमटे, वय बावन्न, धंदा पिठाची गिरणी, राहणार नल्लकुंटा, हैदराबाद, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. पोटातल्या गाठीनं शरीर खाल्लं, डोकं नाही. कुणाच्या धाकानं लिहीत नाही. मला धाक घालणारे सगळे आधीच गेले.

१. राहतं घर व गिरणी मुलगी योगिनी हिला. जावयानं गिरणी मोडून केबलचा धंदा काढू नये.

२. बँकेतल्या पैशातून आधी दवाखान्याचं भागवावं. उरेल ते तिचंच.

३. घरापुढची मोकळी जागा. माझा धाकटा भाऊ युवराज इथंच वाढला, मुंबईला जाऊन रॉक गिटारवाला म्हणून नावाजला आणि तिकडंच मेला. बस्तीच्या स्मारक समितीला त्याच्या पुतळ्यासाठी ही जागा हवी आहे. तो वाजवायचा तेव्हा हेच लोक खिडक्या लावून घ्यायचे. आता टीव्हीवर दिसला, थंड्याच्या बाटल्यांच्या कंपनीनं खर्च उचलला, तर सगळ्यांचा "आपला युवराज" झाला. असो. जागा देते, पण अट आहे.

युवराज डावरा. आमचे वडील आप्पा जेवताना त्याचा डावा हात उपरण्यानं पाठीशी बांधायचे. आप्पा उठले की गाठ मी सोडायची. त्याच हातानं तो पुढं तारा छेडायचा. समितीनं मातीचा नमुना दाखवला, त्यात तारा छेडायला उजवा हात! अध्यक्ष अनिलराव म्हणाले, "अक्का, डावा बरा दिसत नाही. लोकं हार घालणार, पाया पडणार." मी म्हटलं, "मग मारुती बसवा. माझा भाऊ कायकू?"

तारा छेडणारा हात डावा असेल तरच जागा समितीची. नसेल तर योगिनीनं तिथं मिरच्या वाळत घालाव्यात.

४. गिटार समितीला नाही, योगिनीला. तारा उलट्या बसवलेल्या आहेत. कुणी शहाण्यानं त्या सुलट करू नयेत.

५. ते उपरणं माझ्या ट्रंकेत तळाशी आहे. ते माझ्याबरोबर जाळावं. पुन्हा कुणी युवराजचा हात बांधला तर गाठ सोडायला आता मी नसेन.

सही मला येते. तरी वकील म्हणतात, डाव्या हाताचा अंगठाही लागतो. सरकारला डावा चालतो, बस्तीला चालत नाही. लावला आहे.

त्रिवेणी द. लोमटे
(डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार: सुशीलाबाई कानडखेडकर, शेजारीण
हेमंत देवणीकर, वकील

नल्लकुंटा, हैदराबाद
१२ डिसेंबर १९९५