हत्तीपुढचं प्यादं

६ जानेवारी, सोमवार

आज यांनी हत्तीपुढचं प्यादं हलवलं! पहिल्याच खेळीला. राजाच्या बाजूचं, पार काठावरचं. दोन घरं पुढे.

लग्न झाल्यापासून संध्याकाळच्या चहानंतर एक डाव. पांढरी मोहरी यांची, काळी माझी. आणि सुरुवात राजापुढच्या प्याद्यानेच — चुकूनसुद्धा दुसरी नाही. माणूसच तसा. रघुनाथराव ऑफिसात शिरले की शिपाई घड्याळ लावून घ्यायचे, अशी ख्याती होती. रिटायर होऊनही सुंभ जळला तरी पीळ आहेच.

मी म्हटलं, हे काय? म्हणाले, बघ की.

इतके दिवस बरं चाललं होतं. यांचं प्यादं ठरलेलं, माझं उत्तर ठरलेलं, हात आपोआप चालायचा. डाव कधी संपला तेही कळायचं नाही. आज पटाकडे बघत बसावं लागलं. मग खेळले काहीतरी आणि जिंकले. आनंद झाला नाही. वाईटही वाटलं नाही. जूनमध्ये श्रुती गेली तेव्हापासून हे असंच आहे.

७ जानेवारी

पुन्हा तेच प्यादं.

९ जानेवारी

शाळेत शिकवत होते तेव्हा बुद्धिबळाच्या मुलींना सांगायचे — समोरून अनोळखी खेळी आली की आधी हात मांडीखाली ठेवा. चिडायचं नाही. हसायचं नाही. आणि लगेच धडा शिकवायला तर मुळीच धावायचं नाही. त्या खेळीने समोरच्याला काय मिळालं आणि त्याचं काय सुटलं, एवढंच स्वतःला विचारायचं. मग मधलं प्यादं पुढे, घोडे बाहेर, उंट बाहेर, राजा किल्लेकोटात. विचित्र खेळीला सरळ खेळीचं उत्तर. मुली माना डोलवायच्या आणि पटावर बसल्या की धावत सुटायच्या. पालथ्या घड्यावर पाणी.

आज यांनी घोडा बाहेर काढला तो थेट काठावर. काठावरच्या घोड्याला घरं कमी, हे शेंबडं पोरही जाणतं. मी हात मांडीखाली ठेवले. मधलं प्यादं पुढे घेतलं. यांचं काय सुटलंय, याचा विचार करत राहिले.

माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. आधी वार चुकायला लागले. मग देवगडच्या घरात, ज्या घरात जन्म गेला तिथे, मोरीची वाट चुकायला लागले. शेवटी तर यांनाच विचारायचे, आपण कोणाकडचे? हे सगळं यांनी डोळ्यांनी बघितलंय. मीही.

हे लिहिताना भीती वाटायला हवी. हात गार पडलेत, एवढंच. पण थंडीही आहे.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी हे म्हणाले, चल, अथालच्या बाजूला चक्कर मारून येऊ. मी म्हटलं, कशाला? मग गेलो नाही.

दुपारी श्रुतीच्या खोलीत जाऊन बसले. खोली झाडायला गेले होते, झाडू हातात तसाच राहिला. श्रुती माझी धाकटी बहीण. आम्हाला मूल नाही. आई गेली तेव्हा ती सहावीत होती, तिला सिल्वासाला घेऊन आले, ती इथलीच झाली. मसाटला एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करायची. कंपनीच्या बसमधून उतरली की कोपऱ्यावरूनच हाक मारायची — ताई, चहा टाक! कावीळ झाली आणि आठवड्यात सगळं आटोपलं.

मी रडले नाही. येणारे जाणारे म्हणाले, अलकाताई धीराच्या. धीर कसला! काही वाटतच नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि गाल आपला नसल्यासारखा होतो, तसं. ते उतरेल म्हणून वाट बघत होते. आता वाटही बघत नाही.

हे दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, आपण काल रात्री काय जेवलो गं? मी म्हटलं, भाजी-पोळी. कुठली भाजी, ते मलाही चटकन आठवलं नाही. पण त्यांनी हे विचारायचंच कशाला? कालची गोष्ट!

१४ जानेवारी

सगळं गाव गच्चीवर. यांनी मलाही ओढून नेलं. स्पीकरवर गुजराती गाणी, आभाळ पतंगांनी भरलेलं, शेजारची पोरं घसा फाडून ओरडतायत. आणि हे मला विचारतात, आज कुठला सण?

मी म्हटलं, संक्रांत. नुसतं 'हं' म्हणाले आणि माझ्याकडेच बघत राहिले. पतंग राहिले बाजूला.

खाली येऊन बघते तर टेबलावर तिळगुळाचा पुडा. सकाळी यांनीच आणलेला! सण माहीत नाही तर तिळगूळ कशासाठी आणला? घरातून निघताना माहीत होतं आणि गच्चीवर जाईपर्यंत गेलं, असंच ना?

१५ जानेवारी

आज काही नाही.

१८ जानेवारी

चिमाबाई भांडी घासायला येते. रांध्याला राहते, मूळची चोपड्याकडची. दुपारी इथेच चार घास खाते. आज पहिल्या घासालाच थांबली. म्हणाली, "ताई, भाजीत मीठ नाही ओ. काल बी नव्हतं, परवा बी."

राहिलं असेल. पण मला धक्का बसला तो यांचा. पूर्वी मीठ चिमूटभर कमी पडलं तरी ताट सरकवायचे, म्हणायचे, हॉस्पिटलात आहे का मी? आता तीन दिवस अळणी जेवले आणि चकार शब्द नाही. चवही गेली म्हणायची. सासऱ्यांची गेली होती का? आठवत नाही.

चिमाबाईने आणखी एक सांगितलं. मी आंघोळीला गेले की साहेब तिला विचारतात — ताई दुपारच्या काय करतात, कुणाशी बोलतात का, झोपतात का. तिने सांगितलं, खिडकीपाशी बसून राहतात. हा संशय. तेही एक लक्षण असतं असं कुठेतरी वाचलंय.

संध्याकाळी यांनी पुन्हा नवीनच काढलं, दोन्हीकडची काठाची प्यादी. मी आपलं मध्य धरला, घोडे काढले, किल्लेकोट केला. घाई केली नाही. जिंकले. एका माणसाला कणाकणाने विसरताना बघायचं आणि त्याच्याशीच रोज जिंकायचं, याला काय म्हणावं? आणि मी हे शांतपणे बघते आहे, त्याची मला लाज वाटते. बायकोने घाबरायला नको का?

२१ जानेवारी

आज हद्द झाली.

पहिली खेळी, राजाच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं एक घर. मी राजापुढचं प्यादं पुढे केलं, वजिराला वाट झाली. दुसरी खेळी, त्याच्याच शेजारचं घोड्यापुढचं प्यादं, दोन घरं! राजा उघडा टाकला. दोन खेळ्यांत मात! बुद्धिबळातली सगळ्यात लहान मात, शाळेत मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवायचे. आणि मला ती कोणी शिकवली? यांनीच, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत.

मी बघत राहिले. नुसतं प्यादं हलवून डाव पुढे न्यावा असंही वाटलं. त्यांना कळू नये की मला कळलं. पण हात गेला. वजीर तिरका काठापर्यंत नेला आणि म्हटलं, मात.

हे खुर्चीतून उठलेच! टेबलावर थाप मारली, म्हणाले, "दिसली तुला! दिसली!" आणि डोळे पाण्याने भरले. चपला घालून बाहेर गेले ते गरम जिलेबी घेऊन आले. हरलेला माणूस जिलेबी आणतो! चहाही स्वतःच केला.

आता टाळण्यात अर्थ नाही.

२२ जानेवारी

सकाळी सांगितलं. दोन वाक्यं मनात घोकून ठेवली होती. म्हटलं, आपण एकदा चांगल्या डॉक्टरांना दाखवून येऊ या, नुसतं बोलून येऊ, घाबरण्यासारखं काही नाही.

मला वाटलं होतं चिडतील. म्हातारचळ लागलाय का मला, म्हणतील. उलट लगेच म्हणाले, "जाऊ या. मी तुला तेच म्हणणार होतो, धीर होत नव्हता." म्हणजे त्यांना स्वतःला कळतंय. हे जास्त वाईट. सासऱ्यांना निदान कळत तरी नव्हतं.

फोनही त्यांनीच केला, वापीच्या कोणा डॉक्टरांना. बाल्कनीत जाऊन, दार लोटून, बराच वेळ बोलत होते. पुढच्या बुधवारची वेळ मिळाली. आत आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, चष्मा न काढता रडले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मला सांभाळायचंय यांना, आता मीच आहे. असं मनात म्हटलं. मनात काही हललं नाही, पण म्हटलं.

२६ जानेवारी

डाव झाला. पहिली खेळी काय होती ते लिहीत नाही. सरळ उत्तर दिलं.

२९ जानेवारी, बुधवार

डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत यांना बसवलं आणि मी सांगायला सुरुवात केली. सण विसरणं, मीठ, संशय, सगळं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "ताई, तुम्हाला झोप लागते का?" मी म्हटलं, पेशंट हे आहेत.

तेव्हा हे बोलले. माझ्याकडे न बघता, डॉक्टरांना. "जूनपासून ही रोज एकच डाव खेळत होती. खेळीला खेळी तीच. मी वजीर फुकट मारायला ठेवला, पाच-सहा वेळा ठेवला, हिने घेतला नाही. पहिलीच खेळी वेगळी केली तरच मान वर करून बघते, म्हणून मी रोज…" चष्मा काढून पुसायला लागले.

मला त्यातला एकही वजीर आठवत नाही.