माशाच्या तेलाची बाटली आणि बुटांचा खोका

३ फेब्रुवारी, सोमवार
रामलिंग वारला, त्याला आठवडा झाला. मार्केट यार्डात माझ्या शेजारची आडत त्याची. वय माझंच. सौदा चालू असताना तुरीच्या पोत्यावर बसला, पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. तांब्या तसाच हातात धरून मी किती वेळ उभा होतो, मला आठवत नाही.
मला भीती वगैरे वाटत नाही. फक्त आजपासून तळलेलं बंद.
(इंदूने भजी केली होती. अन्न टाकू नये. उद्यापासून.)

५ फेब्रुवारी, बुधवार
यार्डात तपासणी शिबिर झालं. सगळ्या आडत्यांनी रक्त दिलं म्हणून मीही दिलं. आज रिपोर्टचा कागद आला. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चारशेच्या वर, शेजारी जाड बाण. शिबिरवाली मुलगी म्हणाली, काका, डॉक्टरांना दाखवा, ईसीजी काढून घ्या. म्हणालो, हाव, जातो की.
जाणार नाही. डॉक्टरकडे गेलं की काहीतरी निघतंच. रामलिंग तरी कुठे गेला होता?
(हे वाक्य परत वाचलं. उलट्याच बाजूने निघतंय. खोडायला पाहिजे.)
इंदूला रिपोर्ट दाखवला नाही. उगीच घाबरेल बिचारी.

६ फेब्रुवारी, गुरुवार
उपाय सापडला. मोबाइलवर एका माणसाने अर्धा तास समजावून सांगितलं. माशाचं तेल. ओमेगा थ्री. डॉक्टर नको, सुई नको, रोज एक कॅप्सूल.
अडचण एकच. आम्ही लिंगायत. इंदू बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय चहात बिस्किट बुडवू देत नाही. पण औषध ते औषध.
शिवाय जेवणातलं तेल कमी करायचं म्हणून जवसाची चटणी बंद करायला सांगितली. इंदू म्हणाली, जवसाच्या जिवावर घर उभं राहिलं आन् आता जवसच नको का? आडत्याने भावनेच्या भरात निर्णय घेऊ नयेत. बंद म्हणजे बंद.

८ फेब्रुवारी, शनिवार
नांदेडला जाऊन आलो. लातुरात घेणं शक्य नाही. निम्म्या मेडिकलवाल्यांच्या बापांनी माझ्याकडे सोयाबीन घातलंय. निमित्त सृष्टीच्या होस्टेलचं. पोरगी म्हणाली, पप्पा, परीक्षा चालू असताना कशाला आलात? म्हणालो, आठवण आली. ती खरंच आली होती. आजकाल फार येते.
दुकानदाराने तीन बाटल्या मांडल्या. मी काही लेचापेचा गिऱ्हाईक नाही. समोर लिहिलंय हजार मिलिग्रॅम, मागे बारीक अक्षरात ईपीए आणि डीएचए मिळून तीनशे. म्हणजे कामाचा माल तेवढाच. आमच्याकडे असा माल आला तर भाव पाडतात. ज्यात जास्त होतं ती बाटली निवडली. तारीख पाहिली. कॅप्सूल उजेडात धरून पाहिली.
दुकानदाराने विचारलं, कुणासाठी? म्हणालो, मित्रासाठी. म्हणाला, रक्त पातळ करायची गोळी चालू हाय का त्यांना? डॉक्टर काय म्हणले? माझ्या तोंडून निघून गेलं, मित्र वारला. तो बाटलीकडे पाहत राहिला. मी पैसे ठेवून निघालो.
माल दातांखाली धरल्याशिवाय पसंत करायचा नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. तूर असो, करडई असो, जवस असो. स्टँडवर बसून एक कॅप्सूल चावली.
लोह्यापर्यंत खिडकीबाहेर तोंड. शेजारच्या बाईने जागा बदलली. रुमाल अहमदपूरला फेकून दिला.
निर्णय: यापुढे चावायची नाही. डोळे मिटून गिळायची.

९ फेब्रुवारी, रविवार
पद्धत ठरली. आधी लिंगपूजा, मग चूळ, मग कॅप्सूल, मग पुन्हा चूळ.
बाटली आणि रिपोर्ट बुटांच्या खोक्यात. सकाळी फिरायला जायचे म्हणून गेल्या वर्षी घेतलेले बूट. तिथे इंदू कधी हात घालणार नाही, कारण ते बूट कधी बाहेर निघणार नाहीत अशी तिची खात्री आहे. उद्यापासून तीही खोटी पाडणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
बूट चावतात. फिरणं सोमवारपासून.
ढेकरांनी बेजार केलंय. प्रत्येक ढेकरेत नदी. यार्डात तोंड मिटून सौदा केला. व्यापाऱ्याला वाटलं मी भावावर अडून बसलोय, त्याने भाव वाढवला. पहिला फायदा.
घरी इंदू म्हणाली, अहो, काहीतरी मेलंय घरात. मी म्हणालो, हाव, मलाही वास येऊन राहिलाय. उंदीर असेल. मीच सुचवलं. प्रसंगावधान!
आडतीतल्या गादीचा जिना चढताना मध्ये थांबावं लागलं. तुरीची धूळ.

१६ फेब्रुवारी, रविवार
उंदीर शोधला. माझ्याच सूचनेवरून दिवसभर मीच शोधला. दिवाण सरकवला, धान्याच्या कोठ्या हलवल्या. कपाट सरकवताना छातीवर कुणीतरी गुडघा ठेवल्यासारखं झालं. कोठीला टेकून बसलो. पाणी मागायचं होतं. मागितलं नाही. रामलिंगने मागितलं होतं.
इंदूने विचारलं, काय होतंय? म्हणालो, उंदराची किळस. ती लई वेळ तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, तुम्ही पडा, राहिलेलं मी बघते.
उद्या दोन कॅप्सूल घ्याव्यात का?

१९ फेब्रुवारी, बुधवार
चमत्कार. वास गेला. ढेकर गेली. शरीराने तेल स्वीकारलं. कॅप्सूलचा रंगही थोडा पिवळसर वाटतो, मुरलं असेल.
इंदू म्हणाली, उंदीर सापडला, टाकून आले. विचारलं, मोठा होता का? म्हणाली, हाव, लई दिवसांचा होता.
तब्येतीत स्पष्ट फरक. हात हलके. डोळ्यांत तेज. हे माशाशिवाय शक्य नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र
सकाळपासून घाबरलेला आहे. उपास, त्यात कॅप्सूल. नाही घेतली तर हृदय, घेतली तर महादेव. दोन्हीकडे माझंच मरण. शेवटी घेतली आणि सिद्धेश्वराच्या रांगेत उभा राहिलो. गाभाऱ्यात वर बघायची हिंमत झाली नाही. पिंडीच्या कडेला बघून मनात म्हणालो, एवढ्या खेपेला सांभाळून घ्या. सृष्टीचं शिक्षण होऊ द्या.
घाम फुटला. गर्दी होती.
इंदू शेजारी हात जोडून उभी. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाईमाणसाची भक्तीच वेगळी.

४ मार्च, मंगळवार
भयंकर दिवस. इंदू सकाळी म्हणाली, अहो, छाती भरून येऊन राहिली, झोप लागंना. मला दवाखान्यात न्या. शर्टाची बटणं उलटी लावली. जन्मात पहिल्यांदा डॉक्टरच्या दारात माझ्यासाठी भीती वाटली नाही, कारण सगळी तिच्यासाठी लागली.
नंबर आला. आतून आवाज आला, माणिकप्पा कोण? म्हणालो, मीच, पण पेशंट बायको आहे. डॉक्टर हसून म्हणाले, या ताई, आणलंत शेवटी! आणि माझा रिपोर्ट, बुटाच्या खोक्यातला, त्यांच्या टेबलावर.
मी इंदूकडे पाहिलं. ती म्हणाली, खोटं न्हाई बोलले मी. त्या दिवशी कोठीला टेकून बसलात तेव्हापासून छाती भरूनच येती माझी.
ईसीजी काढला. थोडं काहीतरी आहे. पुढची तपासणी करायची, गोळ्या आजपासून. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. कॅप्सूल? असल्या एखाद्या कॅप्सूलने चारशे खाली येत नाही, आणि छातीत दुखणाऱ्याने तिच्यावर विसंबायचं नाही. मी म्हणालो, पण डॉक्टरसाहेब, मला फरक पडला होता. स्पष्ट. माशाच्या तेलाने.
डॉक्टरांनी इंदूकडे पाहिलं. इंदूने जमिनीकडे.

५ मार्च, बुधवार
सकाळी खोका उघडला. बाटली तीच. एक कॅप्सूल काढली आणि दातांखाली धरली.
जवस.
तीस वर्षं डोळे मिटून जवस ओळखत आलोय. आपल्याच यार्डातून गेलेला असेल, कुणी सांगावं. इंदूला विचारलं, कधीपासून? म्हणाली, उंदीर सापडला तेव्हापासून. माशाच्या कॅप्सूल तिने हाताला पदर गुंडाळून उकिरड्यावर नेऊन टाकल्या आणि बाटलीत जवसाच्या तेलाच्या आणून भरल्या. म्हणाली, डॉक्टरांनाच विचारलं होतं आधी. जवसाने अपाय न्हाई म्हणले, पण उपायही न्हाई, माणूस घेऊन या म्हणले. तुम्ही येईनात. निदान शिवरात्रीला तरी तुमच्या पोटात मासा नको म्हणून.
दुपारी ताटात जवसाची चटणी होती. दोनदा मागून घेतली. ती म्हणाली, भ्या वाटतं का हो? मी न्हाई म्हणणार होतो.
हाव, म्हणालो. लई वाटतं.
तिने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मी पाणी मागितलं नव्हतं.