एकशे अठरा बिनचिठ्ठीच्या काचा

२ मार्च, सोमवार

पेटी माझ्या टेबलावर! माझ्याच!

लाकडी, पितळी कडीची. आत मखमलीचे खण आणि खणांत फोटोग्राफीचे रंगीत फिल्टर — एकशे अठरा! कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लावायच्या काचा. काही गोल, धातूच्या कड्यात बसवलेल्या. काही नुसत्या चौकोनी. काही तर काचाही नाहीत, जिलेटिनचे पापुद्रे आहेत, श्वास टाकला तरी उडतील असे. कुणा जुन्या स्टुडिओवाल्याच्या मुलीने आमच्या संग्रहालयाला दिले. आणि गंमत अशी की एकावरही चिठ्ठी नाही. ओल लागून सगळ्या चिठ्ठ्यांचा पेटीच्या तळाशी लगदा झालाय.

मोठ्या बाई — आमच्या संचालिका, त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही — म्हणाल्या, "तीन आठवड्यांत वर्गवारी हवी. कुठला फिल्टर कुठल्या गटातला, कुठल्या नंबरचा, कशासाठी. भिंतभर मांडायचेत, मागून दिवे लावून."

मी "हो" म्हटलं. त्यांचं वाक्य संपायच्या आत म्हटलं!

घरी आल्यावर तो "हो" परत घ्यावासा वाटला. कारण मला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही.

लिहिलं एकदाचं. या वहीतसुद्धा आज पहिल्यांदाच.

३ मार्च, मंगळवार

चौदाव्या वर्षी कळलं. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी ठिपक्याठिपक्यांची चित्रं दाखवली, त्यांत आकडे लपलेले. मला एकही दिसेना. बाई म्हणाल्या, "मुलींना नसतं ते. नीट बघ." मी शेजारणीच्या वहीत नीट बघितलं. सगळे आकडे बरोबर आले.

तेव्हापासून झाकली मूठ. कृष्णधवल छपाई शिकले, बारा वर्षं डार्करूममध्ये काढली. तिथे कोण विचारतंय पान कुठल्या रंगाचं! गेल्या वर्षी सूचीकार म्हणून इकडे आले आणि कॅमेरे, तिपाया, ट्रे नोंदवत बसले. सगळं काळं नाहीतर चकचकीत. सुखाचा जीव.

आज दिवसभर फिल्टरांवरच वाचलं. काय व्यवस्था आहे! आधी वाटलं होतं, रंगांची नुसती यादी असेल. नाही! वर्गवारी रंगावर नाहीच, कामावर आहे. पहिली फौज कृष्णधवलवाल्यांची: आठ नंबर पिवळा, आकाश जरा गडद करतो आणि ढग उठून दिसतात. एकवीस नारिंगी. पंचवीस लाल — भर दुपारचं आकाश काळंभोर! अठ्ठावन्न हिरवा, सत्तेचाळीस निळा. त्यांना आधी नुसती अक्षरं होती, नंतर नंबर आले. दुसरी फौज रंगीत फिल्मवाल्यांची: ऐंशीची मालिका निळी, दिव्याच्या पिवळ्या उजेडाला दिवसाचा करते. पंच्याऐंशीची तांबूस, उलटं काम. मग एक्क्याऐंशी-ब्याऐंशी, तेच पण हलक्या हाताने. मग अगदी फिकट दुरुस्तीवाले. आणि शेवटी राखाडी, जे रंगाला हातच लावत नाहीत, फक्त उजेड कमी करतात.

राखाडी मला फार आवडले. आपली माणसं!

५ मार्च, गुरुवार

फजिती. डोळ्यांनीच लावून बघू म्हटलं. खिडकीशी धरून एकेक खणात ठेवत गेले. लेन्सवाले — समोरच्या टेबलावर भिंगं दुरुस्त करतात, तोंड सतत चालू — उठून आले आणि पोट धरून हसले. "अहो, पोपटी आणि शेंदरी एका खणात? लग्न लावताय का त्यांचं?"

"गंमत केली," मी म्हटलं. कान तापले होते.

मग मीटर आणलं. फिल्टर उजेड किती खातो ते तरी मोजू! एक काच — तीन स्टॉप, म्हणजे उजेड आठवा हिस्साच उरतो. दुसरी काच — तीन स्टॉप. एक लाल असणार, एक हिरवी. मीटरला माझ्याइतकंच कळतंय.

लेन्सवाल्यांना विचारलं असतं तर दुपारभरात काम झालं असतं. पण मग ते त्यांचं झालं असतं. आणि "तुम्हाला का नाही कळत?" हेही आलं असतं.

९ मार्च, सोमवार

सुचलं!!

काखेत कळसा नि गावाला वळसा! बारा वर्षं मी काय केलं? रंगांचे करडे केले! लाल फिल्टर लावला की लाल वस्तू फोटोत उजळते आणि हिरवी काळवंडते. हिरवा लावला की उलट. मग मला काच बघायची गरजच काय? त्या काचेतून काढलेला कृष्णधवल फोटो बघायचा! आणि करड्याच्या छटा मला जितक्या दिसतात तितक्या या इमारतीत कुणाला दिसत नाहीत. हे मी छाती ठोकून सांगते.

संध्याकाळी धावतच रंगांच्या दुकानात गेले. भिंतीच्या रंगांची नमुना-कार्डं घेतली. मागे नाव छापलेलं असतं! लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. शेवटी एक करडं. दुकानदार म्हणाला, "घर रंगवताय का?" म्हटलं, "हो, सगळंच!"

१० मार्च, मंगळवार

चार रोल. एकशे अठरा फोटो, सहा कार्डांचे. पाठ मोडली. गाणं म्हणत घरी आले.

१३ मार्च, शुक्रवार

ओल्या प्रिंट दोरीवर टांगल्या आणि मी खाली उभी राहून मोठ्याने हसले. एकटीच!

सगळ्या प्रिंट अशा काढल्या की करडं कार्ड सगळीकडे सारखंच दिसेल. बाकीची पाच कार्डं मग आपापली चहाडी करतात. सदतीस नंबरच्या खणातली काच: लाल कार्ड पांढरं, हिरवं कोळसा. म्हणजे लाल! एकोणचाळीस: हिरवं उजळ, लाल कोळसा. हिरवा! तीन-तीन स्टॉपवाली जोडगोळी हीच. गेल्या आठवड्यात गुरुवारी दिवसभर छळत होती, आज दोन मिनिटांत बोलायला लागली.

फिकट काचांत करड्याचा फरक डोळ्याला पुरेना. तिथे घनता मोजायचं यंत्र घेतलं आणि आकडे मांडले. तेही बोलले.

एकशे अकरा लागले. सात राहिले. जेवायचं विसरले होते, ते आत्ता लिहिताना आठवलं.

१७ मार्च, मंगळवार

आजचा दिवस नीट लिहायचा आहे.

मोठ्या बाई यादी तपासायला आल्या. सोबत लेन्सवाले. त्यांनी दोन लाल काचा उचलल्या, दिव्यासमोर धरल्या. "इथे चुकलात. या दोन्ही पंचवीसच. सख्ख्या बहिणी. तुम्ही एकीला एकोणतीस केलंय."

मी दोन प्रिंट पुढे ठेवल्या. एकीत नारिंगी कार्ड जवळजवळ पांढरं. दुसरीत करडं.

"एकोणतीस जास्त गडद लाल असतो," मी म्हटलं. "नारिंगीलाही पुरता आत येऊ देत नाही."

लेन्सवाल्यांनी काचा पुन्हा धरल्या. डावीकडे, उजवीकडे. एक डोळा मिटून. मग प्रिंट बघितल्या. मग म्हणाले, "आयला! माझे डोळे गेले की काय?"

"तुमचे नाही," मी म्हटलं. आणि निघून गेलं तोंडातून. "माझे. मला लाल-हिरवं कळत नाही. कधीच कळलेलं नाही."

मोठ्या बाई खुर्ची ओढून बसल्या. "म्हणजे हे सगळं तू न बघता केलंस?"

"बघूनच केलं बाई. रंग न बघता."

त्या यादी उलटसुलट चाळत राहिल्या. मला वाटलं, गेली नोकरी. त्यांनी मान वर केली. "प्रत्येक काचेखाली ही प्रिंट लावायची. सहा करड्या चौकोनांची. काच काय करते ते लोकांना त्याशिवाय कळणार कसं?" मग म्हणाल्या, "आणि पद्धत तुझ्या नावाने लिहायची. खरी हकिगत लिहायची. पण डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून ये. नक्की काय आहे ते नीट लिहू."

आंधळा मागतो एक डोळा — पुढचं लिहीत नाही, पण मला अख्खी भिंत मिळाली!

लेन्सवाले जाताना म्हणाले, "मग ते पोपटी-शेंदरीचं लग्न खरंच झालं होतं तर." वीस वर्षांचा दगड पाठीवरून उतरला आणि वर विनोदही झाला!

१९ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाई छान. तीच ठिपक्यांची चित्रं! या वेळी शेजारणीची वही नव्हती. एकही आकडा आला नाही आणि दोघी हसलो.

म्हणाल्या, "बाईमाणसात फार क्वचित दिसतं हे. मुलाला नुसतं आईकडून मिळालं तरी पुरतं. मुलीला दोघांकडून मिळावं लागतं. आईत ते लपून राहू शकतं, तिला स्वतःला सगळं नीट दिसतं. पण वडिलांत लपत नाही. तुमच्या वडिलांनाही लाल-हिरवं कळत नसणार. विचारा त्यांना."

बाबांना! माझ्या बाबांना! म्हणजे इतकी वर्षं आम्ही दोघं एकाच घरात, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो? रस्त्यातच हसू आलं. लोक बघायला लागले.

२१ मार्च, शनिवार

आता सगळं जुळतंय. बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं पितळ आणि पोलाद, रंगाशी संबंध नाही. कपडे घ्यायला गेले की राखाडी सदरा. कुठलाही रंग विचारला की "तुझ्या आईला विचार." लबाड! उद्या रविवार, जेवायला जातेच आहे तिकडे. बारा फिल्टर घेऊन जाते, मोठ्या बाईंनी परवानगी दिलीय. बाबांसमोर मांडते आणि त्यांची बोबडी वळली की सांगते — बाबा, मीसुद्धा!

कधी एकदा उजाडतंय असं झालंय.

२२ मार्च, रविवार

जेवणं झाली. टेबलावर पांढरा कागद अंथरला, त्यावर बारा काचा मांडल्या. मागे नंबर. "बाबा, सांगा बघू रंग!"

बाबांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं, उगीच, मला हसवायला. आणि सुरू झाले. "हा डाळिंबी. हा पोपटी. हा शेंदरी — नाही, थांब, नारिंगी. शेंदरी हा पलीकडचा. हा बाटलीचा हिरवा असतो ना, तो."

बाराच्या बारा बरोबर.

मी यादी दोनदा ताडून बघितली. मग हसत हसतच सांगितलं — माझं, डॉक्टरीणबाईंचं, वडिलांत लपत नाही ते. "त्यांचं काहीतरी चुकलं बघा!"

कुणी हसलं नाही. आई ताटं घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नळ मात्र चालू होता.

बाबा एकेक काच पुसून पेटीत ठेवत होते. "उद्या येतो तुझ्या संग्रहालयात," म्हणाले. "भिंत बघायला."

२३ मार्च, सोमवार

बाबा आले. भिंतीसमोरच्या बाकावर आम्ही बसलो. मागचे दिवे चालू होते.

"माझ्या दुकानाशेजारी एक शिंपी होता," बाबा म्हणाले. "जिवलग मित्र. दोऱ्याचं रीळ घेऊन यायचा माझ्याकडे — हा हिरवाच ना रे? रोज. गिऱ्हाइकांना कधी कळू दिलं नाही मी. तो गेला तेव्हा तू पोटात होतीस. तू पाच महिन्यांची झालीस आणि तुझ्या आईशी मी लग्न केलं."

मी खालच्या प्रिंट बघून भिंतीवरची हिरवी काच शोधत राहिले.

"चार वर्षांची असताना तू एक झाड रंगवलंस," बाबा म्हणाले. "बुंधा हिरवा, पानं तपकिरी. मी ते आईला नेऊन दाखवलं. खूप रडली. मग म्हणाली, आला गं बाई परत. आणि हसायला लागली."

झाड अजून आहे त्यांच्याकडे. दुकानात, गल्ल्याखालच्या खणात. उद्या बघायला जाणार आहे.