तिसरी बाही

आदरणीय लालबी आपास,

धाकट्या भावाचा, लालासाबचा, अदबीनं सलाम. गारगोटीच्या हवेत गुडघे कसे आहेत? इकडे सगळं खुशाल असं लिहिणार होतो, पण रमजानात खोटं कसं लिहू?

सातव्या रोज्याला पहाटे सहरीला मी अर्धीच भाकरी खाल्ली (पोट हलकं तर नमाज हलकी, हे अब्बांचं म्हणणं). मधुमेहाची गोळी मात्र पूर्ण घेतली. मग दुकानात कोडोलीच्या आण्णांचा सदरा शिवायला बसलो. बाराच्या सुमारास घाम फुटला, हात थरथरू लागले. मला वाटलं, इबादतीचा असर. तेवढ्यात शेजारच्या चिमणाबाई (स्वतः मंगळवार कडक धरणाऱ्या) डोकावून ओरडल्या, "लालासाबभाऊ, तीन हाताचा पावणा कोण हाय वो?" सदऱ्याला मी तीन बाह्या जोडल्या होत्या! लेक अर्शी धावत आली, तिच्या यंत्रात साखर बावन्न. चिमणाबाईंनी गूळ पुढं केला. "खावा आधी! देव काय पळून जातोय व्हय?" खाल्ला. रोजा मोडला. बायकांसमोर रडलो.

अर्शी नर्सिंग शिकते, तिनं समजावलं. शरीर म्हणजे एकत्र कुटुंब. जेवण झालं की यकृत कोठीत साखर भरून ठेवतं आणि उपासात सगळ्यांना वाढतं (आपली अम्मी). स्नायू आपला साठा कुलपात ठेवतात, दुसऱ्याला चिमूटभर देत नाहीत (धाकटे चाचा). कोठी रिकामी होऊ लागली की चरबी कामाला येते. हृदय तीही मुकाट खातं. मेंदू मात्र जावई, त्याला साखरच हवी. आणि माझ्या गोळीनं कोठीचं दारच लावून घेतलेलं! जावई उपाशी, म्हणून बाह्या तीन.

डॉक्टर म्हणाले, रोजे बंद. मौलाना म्हणाले, आजाऱ्याला सवलत आहे, रोज एका गरिबाला जेवू घाल. तरी चार दिवस जीव थाऱ्यावर नव्हता, रोजा सोडवेना. अल्लाह माफ करील, मोहल्ला करील का? आज सहरीला सगळ्यांबरोबर बसलो, पण रोज्याची नीयत केली नाही. सकाळी नाष्टा केला. उपासापेक्षा तो घास जड गेला.

तुझा,
लालासाब

ता. क. : तिसऱ्या बाहीची आण्णांना पिशवी शिवून दिली. खूश होऊन गेले.

आणखी एक : मागच्या जुम्म्याला अर्शी तुझ्याकडे आली, तेव्हा तिला तुझ्या उशीखाली माझ्याच गोळीची पट्टी दिसली. तू कुणाला सांगितलं नाहीस आणि एकही रोजा सोडला नाहीस. आपा, रविवारी अर्शी येईल, तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. कुणी विचारलं तर माझं नाव सांग. घरात पहिला सोडणारा कुणीतरी हवा होता, म्हणून आज मी सोडला.