अण्णांची हवालदारी कशी गेली

कलकत्ता,
१० डिसेंबर १९७२

तीर्थरूप माधवकाकांच्या चरणी गुरुदत्तचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि नवी कवळी नीट बसली की अजूनही भाषणाच्या मध्येच टाळ्या वाजवते, ते सविस्तर कळवावे. काकूंना नमस्कार. आम्ही उभयता खुशाल आहोत. इकडे थंडी पडली आहे, म्हणजे आपल्या सांगलीत जिला नुसती सकाळ म्हणतात ती. पण इथली माणसं माकडटोप्या चढवून, गळ्याला मफलर आवळून हिंडतात, आणि मी साध्या शर्टात बँकेत गेलो की शिपाई माझ्याकडे आदराने पाहतो.

तुम्ही सोपवलेल्या कामगिरीचा हा अहवाल. येत्या प्रजासत्ताकदिनी शाळेच्या सभागृहात अण्णांचा फोटो लागणार, तुम्ही अण्णांवर बोलणार, आणि त्यासाठी लढाईच्या काळात अण्णांनी ज्या गोऱ्या साहेबाच्या थोबाडीत मारली त्याचं नाव हवं, असं तुमचं पत्र आलं. ती थोबाडीत आम्ही लहानपणापासून तुमच्याच तोंडून ऐकत आलो. (दर दिवाळीला साहेब इंचभर उंच व्हायचा.) त्यापायी अण्णांची हवालदारी गेली, हेही तुम्हीच सांगायचे, आणि अण्णा शेजारी बसून सुपारी कातरत राहायचे. हो नाही, नाही नाही. समोरून भटकं कुत्रं आलं तर रस्ता बदलणारा हा माणूस साहेबाच्या गालापर्यंत पोहोचला कसा, याचं मला नेहमी नवल वाटे. पण वडिलांचा पराक्रम असा फुकट मिळत असताना चौकशी कोण करतो?

आधी मी इथल्या लष्कराच्या एका कचेरीत गेलो. दारावरच्या पहारेकऱ्याला माझ्या बंगालीत सांगितलं की वडिलांची लढाईतली माहिती हरवली आहे, ती शोधतो आहे. माझं बंगाली अजून दुधाच्या दातांचं. त्याने ऐकलं ते एवढंच की माझे वडील हरवले आहेत. बिचारा इतका कळवळला की मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, अंगावर कपडे कोणते होते? मीही अण्णांचा नेहमीचा वेष सांगितला: धोतर, काळा कोट, काळी टोपी. त्याने दोन जवानांना मैदानाच्या बाजूला पिटाळलं. मग मी हिंदीत खुलासा केला की ते दोन वर्षांपूर्वीच वारले. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते पाहून मी नमस्कार करून निघालो, तो थेट एस्प्लनेडच्या गर्दीत शिरल्यावरच थांबलो.

नंतर बँकेतला एक सहकारी मदतीला आला. तो राहतो बराकपूरला, आणि अण्णा लढाईत बराकपूरच्याच छावणीत होते, एवढं तर आपल्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, आमच्या गल्लीत श्यामसुंदरबाबू म्हणून गृहस्थ आहेत, लढाईच्या वेळी छावणीच्या रेशनखात्यात कारकून होते. ते लढाईबद्दल बोलायला लागतात म्हणून सगळी गल्ली त्यांना टाळते. मी म्हटलं, हाच माझा माणूस. रविवारी सियालदहहून गाडी पकडली आणि गेलो.

श्यामसुंदरबाबू अंगणात उन्हाला बसले होते. माकडटोपी, मफलर, वर शाल. मी अण्णांचं नाव सांगितलं मात्र, ते खुर्चीतून उठलेच. मला वाटलं मिठी मारणार. पण ते ओरडले, "तो मराठा हवालदार? त्याने आम्हाला महिनोन्महिने लापशी खायला घातली!"

काका, हे तुम्हाला बसून वाचायला हवं, म्हणून क्षणभर थांबतो.

अण्णा बंदूकवाले नव्हतेच. भात खाणाऱ्या एका फलटणीचा लंगर त्यांच्या ताब्यात होता, म्हणजे भटारखाना. आणि श्यामसुंदरबाबूंच्या म्हणण्याप्रमाणे अख्ख्या हिंदुस्थानी फौजेत त्यांच्याइतका वाईट भात कोणी शिजवत नव्हतं. पाणी बेसुमार, शितं फुटून विरघळलेली, निम्मा तांदूळ पेजेबरोबर वाहून जायचा. जवानांनी ताटं आपटली. शेवटी श्यामसुंदरबाबूंनी सर्वांतर्फे इंग्रजीत तक्रार लिहिली. (तिच्यातली वाक्यं त्यांना अजून पाठ आहेत. चांगली आहेत.) साहेबाने अण्णांना उभं केलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "साहेब, मला भात जमत नाही." फीत उतरली, हवालदाराचा शिपाई झाला, आणि रवानगी आसामात. थोबाडीत कोणी कोणाच्या मारली नाही. साहेब, म्हणे, उलट अण्णांशी फार सभ्यपणे वागला.

मी चिडलो. म्हटलं, अशक्य! अहो, अण्णांचा भात म्हणजे शीत न् शीत मोकळं. सरोजताईच्या लग्नात आचारी आजारी पडला तेव्हा सबंध पंगतीचा भात अण्णांनी एकट्याने काढला होता, आणि व्याह्यांनी दोनदा मागून घेतला होता. भात न जमणारा माणूस तो नव्हेच. श्यामसुंदरबाबू म्हणाले, मग मी खाल्ला तो काय होता? असे आम्ही दोघे शिकलेसवरलेले पुरुष भर अंगणात तीस वर्षांपूर्वीच्या भातावरून हमरीतुमरीवर आलो.

इतक्यात त्यांच्या पत्नी सुचित्राबाई चहा घेऊन आल्या. (इथे वडीलधाऱ्या बाईला माशिमा म्हणायचं, म्हणजे मावशी.) कप खाली ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, आम्ही त्यांचा फॅन खायचो. मी वर पाहिलं. अंगणात पंखा कुठला? त्यांनी मला हिंदीत समजावलं: फॅन म्हणजे भाताची पेज.

ते साल त्रेचाळीसचं, काका. बंगालच्या दुष्काळाचं. छावणीच्या मागच्या दाराशी माणसं डबे घेऊन बसत. भात मागत नसत, तेवढी हिंमत नव्हती, पेज मागत. छावणीतलं अन्न बाहेर द्यायला सक्त मनाई होती, पण पेज म्हणजे सांडपाणी, आणि सांडपाणी बाहेर टाकायला कोणाची हरकत असणार? तेव्हा अण्णांनी भातालाच सांडपाणी केलं. पिंपं भरभरून दाट पेज मागच्या दाराशी जायची.

श्यामसुंदरबाबू बायकोकडे पाहत राहिले. म्हणाले, "तू? तू कशी जाशील तिथे? तुझे वडील शाळामास्तर होते."

"मास्तरांच्या घरी तांदूळ कुठला होता? आई पाठवायची. ओळख पटू नये म्हणून पदर ओढून बसायचे."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही येईल त्याला त्या तक्रारीची गोष्ट सांगायचा. मी काय बोलणार?"

मग श्यामसुंदरबाबू अगदी लहान आवाजात म्हणाले, पण तो भात खरंच वाईट होता गं. आणि डोक्यावरची माकडटोपी काढून मांडीवर घेऊन बसले. मला त्यांचा राग उरला नाही.

मी माशिमांना विचारलं, एखादे वेळी भात खरोखरच बिघडत असेल, अण्णांनी मुद्दाम केलं कशावरून? त्या म्हणाल्या, "त्यात मीठ असायचं. सांडपाण्यात कोणी मीठ घालतं का?"

काका, परतीच्या गाडीत माझ्या डोळ्यांत कोळसा गेला. (गाडी विजेची आहे. तरी गेला.) ज्याला आम्ही भित्रा समजत होतो, त्याने आपली अब्रू, तीही स्वयंपाकाची, सगळ्या फलटणीसमोर घालवून घेतली आणि पुन्हा कधी तिचा उच्चार केला नाही. आता सभेत काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. थोबाडीत सोपी आहे, हमखास टाळ्या घेते. भाताला टाळ्या पडतील की नाही कोण जाणे. मी मात्र भातच सांगितला असता.

तुमचा आज्ञाधारक,
गुरुदत्त

ता.क. निघताना मी माशिमांना "एकदा आमच्या सांगलीला या" म्हटलं, आपण सगळ्यांना म्हणतो तसंच. त्यांनी ते खरं धरलं आणि तिकिटं काढली. दोघं येत्या शनिवारी हावड्याहून निघत आहेत. मिरजेच्या स्टेशनावर उतरवून घ्यावं. माकडटोपीवरून ओळख पटेल.

ता.क. २. मासे नसले तरी चालेल असं श्यामसुंदरबाबू म्हणाले, पण ज्या आवाजात म्हणाले त्यावरून चालणार नाही.

ता.क. ३. आईला मी यातलं अक्षरही कळवलेलं नाही. माशिमांना ते स्वतः सांगायचं आहे. त्यांना मराठी येत नाही, आईला बंगाली येत नाही. दुभाष्या म्हणून मी येऊ का विचारलं, तर म्हणाल्या, दोन बायका चुलीपाशी बसल्या की समजतं. तेव्हा त्या आत गेल्या की तुम्ही श्यामसुंदरबाबूंना कृष्णेच्या घाटावर घेऊन जावं, हवं तेवढं भाषण त्यांना ऐकवावं, पण दिवेलागणीपर्यंत घरी परतू नये. विनंती काय ती एवढीच होती. बाकीचं पत्र तुम्ही ती मानावी म्हणून लिहिलं.